वरातीच्या गाडीचं ट्यूनिंग

गॅरेज बंद करून मला बरीच वर्षं झाली. तरी परभणीत रस्त्याच्या कडेला एखादी मोटरसायकल घरघरत उभी दिसली की माझा उजवा हात आपोआप खिशाकडं जातो. खिशात आता स्क्रू ड्रायव्हर नसतो, रक्तदाबाच्या गोळ्या असतात. गोळ्यांनी गाडी सुधारत नाही, म्हणून मी पुढं निघून जातो.

परवा एका नव्या गॅरेजात बसलो होतो. तिथल्या मिस्त्रीनं एका गाडीचा थ्रॉटल पोझिशन सेन्सर बदलला. अंगठ्याएवढी काळी डबी. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ तुम्ही किती पिळली, हे ती गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवते आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. सेन्सर नवा बसवला की आधी त्याला शून्य शिकवावं लागतं. मूठ सोडलेली म्हणजे शून्य, पूर्ण पिळलेली म्हणजे सगळं. मिस्त्रीनं चावी फिरवली, मूठ पिळली, सोडली, हातातल्या यंत्रावर आकडा बघितला आणि हात पुसले. मी विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं, चाचा." माझा चहा अजून गरम होता.

आमच्या वेळी हे शून्य आम्ही कानानं लावायचो. इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून द्यायला कार्ब्युरेटर असायचा. त्याच्या पोटात एक पितळी डट्टा. मूठ पिळली की तार त्या डट्ट्याला वर ओढते, वाट मोकळी होते, इंजिन जोर धरतं. मूठ सोडली की डट्टा खाली बसतो. तो पूर्ण बसला तर इंजिन बंद, म्हणून एका स्क्रूनं त्याला खालून किंचित उचलून धरायचं. दुसरा स्क्रू हवेचा. हे दोन स्क्रू असे लावायचे की मूठ सोडून दिली तरी गाडी आपली आपण जागेवर टकटकत राहावी. ह्याला आम्ही 'स्लो बसवणं' म्हणायचो. लिहायला सोपं आहे. पण पाव आटा, म्हणजे स्क्रूचा पाव फेरा, इकडंतिकडं झाला की गाडी बोंबलते नाहीतर मरते.

प्रत्येक गिऱ्हाइकाचा स्लो वेगळा. एका डॉक्टरांना तो इतका मोठा लागायचा, की त्यांची गाडी दारात उभी आहे हे चार गल्ल्यांना कळलं पाहिजे. एक मुकादम पेट्रोल वाचावं म्हणून तो इतका बारीक करून घ्यायचे, की दर चौकात गाडी बंद पडायची आणि वाचलेलं पेट्रोल किका मारण्यात जायचं. मी दोघांनाही "बरोबर हाय" म्हणायचो. पण एका गाडीचा स्लो मी असा बसवला, की त्याच्यापायी एक अख्खं गाव पारावर येऊन बसलं होतं. ती हकिकत सांगतो.

गाव मानवतच्या पुढं आहे. नाव लिहीत नाही, कारण गाव अजून तिथंच आहे. नामांतराची वर्षं होती. अठ्ठ्याहत्तरला गावोगावी बौद्धांची घरं जळाली होती, त्याला काही वर्षं लोटली होती. लोक त्यावर बोलत नव्हते, पण विसरलेही नव्हते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं की नाही, ह्यावर जे कधी विद्यापीठाच्या वाटेला गेले नव्हते तेही तावातावानं बोलायचे. मी मुसलमान. ह्या भांडणात ह्याला बाजू नाही, असं दोन्हीकडचे धरून चालायचे आणि माझ्यासमोर मोकळेपणानं मन हलकं करायचे. नाना तऱ्हेची माहिती माझ्याकडं न मागता यायची.

त्या गावचा विलास माझं गिऱ्हाईक होता. बौद्ध वाड्यातला, परभणीत एका सरकारी कचेरीत कारकून. अंगानं किरकोळ, बोलायला हळू, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली होती आणि ती पुसून पुसून तिचा रंग पातळ केला होता. उन्हाळ्यातल्या एका सकाळी तो गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "रशीदभाई, ही माणसाच्या चालीनं चालली पायजे."

मी म्हणालो, "लोक पळवायला आणतेत. तू चालवायला आणलास?"

"माझी वरात हाय हिच्यावर."

मग सगळं कळलं. लग्न त्याच्याच गावी होतं. वाडा गावाच्या एका टोकाला, मांडव दुसऱ्या टोकाला शाळेच्या मैदानात. मधून सरळ रस्ता. वेशीतून आत शिरायचं, पारासमोरून जायचं, की शाळा. पण वाड्यातली कुठलीच वरात त्या रस्त्यानं गेली नव्हती. ओढ्याच्या कडेनं, काट्याकुट्यातून वळसा घालून जायची. विलासनं ठरवलं होतं, की आपण सरळ जायचं. त्यानं घोडा ठरवला. घोडेवाला आधी हो म्हणाला. मग गावातून त्याला निरोप गेला आणि त्याचं घोडं आजारी पडलं. लग्नाला अजून पंधरवडा होता, पण घोडं त्या दिवशीही आजारीच असणार आहे, हे घोडेवाल्याला आत्ताच कळलं होतं.

"घोड्याला ते न्हाई म्हणले," विलास म्हणाला. "मोटरसायकलीला कुणी न्हाई म्हणलेलं न्हाई."

हे खरं होतं. गावातल्या लोकांच्या वाडवडलांनी सगळ्या गोष्टींचे नियम करून ठेवले होते, पण त्यांच्या वेळी मोटरसायकल नव्हती.

मी विचारलं, "आणि बंद पडली तर?"

"तेच तर," तो म्हणाला. "पारासमोर बंद पडली अन् मी नवरदेवाच्या कपड्यात किका मारायलोय, तर जन्मभर तेवढंच सांगतेत लोक. दगड मारलेले परवडले."

बाहेरच्यांना वाटेल, हळू चालवणं हे सोपं काम. तसं नाही. गाडीला वारा लागतो तेव्हाच इंजिन थंड राहतं. बँडच्या मागं पावलापावलानं चालली की ती तापते, पेट्रोलातलं तेल प्लगवर साचतं, ठोका अडखळतो आणि गाडी गचके खाऊन गप्प होते. मी कार्ब्युरेटर उघडून धुतला. चेन ओढणारी पुढची चक्री कमी दातांची बसवली, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडी आणखी हळू सरकेल. लवकर काळा न पडणारा प्लग घातला. क्लचची तार बदलली. मग रोज संध्याकाळी विलास कचेरी सुटल्यावर यायचा आणि आम्ही दोघं स्टेशनामागच्या मोकळ्या रस्त्यावर वरातीची तालीम करायचो. तो गाडीवर, मी शेजारी चालत, वाकून कान लावलेला. लोक विचारायचे, "मिस्त्री, गाडी बिघडली का?" मी म्हणायचो, "न्हाई, सुधरायलीय."

हे चालू असताना बाबाराव आले. त्याच गावचे बाबाराव, मोठी जमीन, गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्याकडंही विलाससारखीच मोटरसायकल होती, फक्त नवी. तिचंही काम माझ्याकडंच. शिवाय त्यांच्या भाऊबंदांच्या गाड्या, पाण्याची इंजिनं, सगळं त्यांच्या सांगण्यावरून माझ्या दारात यायचं. त्यांनी खुर्ची ओढली, पान जुळवलं आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या विलासच्या गाडीकडं बघितलं.

"ही त्या विलासची न्हवं?"

"हाय."

"वरातीची तयारी?"

"सर्व्हिसिंग करायलोय."

ते थोडं हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रशीद, ही पाराम्होरं बंद पडली तर लय बरं होईल."

मी म्हणालो, "आपोआप कशी पडंल?"

"ते मला काय इचारतोस? मिस्त्री तू हायस." पान तोंडात सारून ते पुढं म्हणाले, "हे बघ, गावातली पोरं दगड गोळा करायला बसल्यात. मी धरून ठेवलंय त्यांना. मला डोकी फुटायला नको हायत. अठ्ठ्याहत्तरला जे झालं ते मी बघितलंय. गाडी बंद पडली, लोक हसले, हे खाली उतरून ढकलत गेले, की झालं. कुणाला खरचटणार न्हाई. पोरांचंही समाधान, पोलिसाचंही काम न्हाई. मी भांडण मिटवायच्या बोलीत बोलायलोय."

आणि खरोखरच ते तशाच चेहऱ्यानं बोलत होते. एका माणसाची आयुष्यभराची फजिती ही शांततेची स्वस्तातली किंमत आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मी म्हणालो, "बघतो."

मिस्त्रीच्या धंद्यात हा शब्द फार कामाचा. गाडी उद्या मिळेल का, बघतो. आवाज जाईल का, बघतो. त्यात हो नसतो आणि नाहीही नसतो, पण ऐकणारा आपल्याला हवं ते घेऊन जातो. बाबाराव हो घेऊन गेले.

ते गेल्यावर मी पुन्हा विलासच्या गाडीकडं वळलो. दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती. विलासला सांगितलं असतं तर तो तिथून उठून सरळ बाबारावांच्या वाड्यावर गेला असता आणि गोळा केलेले दगड लगेच उपयोगी पडले असते. बाबारावांना नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा काही उपाय शोधला असता. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. बाबारावांच्या माणसांची इंजिनं माझ्या दारातून गेली तर काय, हेही मनात आलं होतं. तेही खोटं नव्हतं. गाडी मात्र मला एकच बसवता येते, चालणारी. संध्याकाळी विलास आला, आम्ही तालमीला गेलो आणि मी स्लो आणखी बारकाईनं लावला.

लग्नाच्या दिवशी मी उन्हं कलायच्या आधी गावात पोचलो. खिशात स्क्रू ड्रायव्हर, वर इस्तरीचा शर्ट. विलासची आई, गयाबाई, दारात उभी होती. तिनं मला बाजूला घेतलं.

"रशीदभाऊ, त्याला वढ्याकडून जायला सांगा. तुमचं ऐकंल."

"माझं कुठं ऐकतो, आक्का?"

"मीबी वढ्याकडूनच आले व्हते लग्न होऊन. काय वाईट झालं माझं?" असं म्हणून तिनं जरा वेळ गाडीकडं बघितलं. मग पदरानं सीट पुसली आणि म्हणाली, "काटे मातर लय लागले व्हते."

वरात निघाली. पुढं बँड, मग पंचशीलाचा झेंडा धरलेली माणसं, मग पांढऱ्या कपड्यातला विलास गाडीवर, मागं बायका. मी गाडीच्या उजव्या अंगाला, कार्ब्युरेटर जिकडं होता तिकडं. वेशीतून आत शिरलो तेव्हा बँडवाल्यांनी वाजवायचं कमी केलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच तसं वाटलं असावं. त्यामुळं इंजिनाचा ठोका स्वच्छ ऐकू यायला लागला. टक टक टक, एकसारखा. मला तो बँडपेक्षा गोड वाटत होता.

पारावर गाव बसलं होतं. नाटकाला बसावं तसं, पोरं पुढं, मोठी माणसं मागं, मधोमध बाबाराव पांढऱ्या फेट्यात. कुणाच्या हातात काही नव्हतं. मला नंतर कळलं, बाबारावांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की तुम्ही काही करू नका, नुसतं बसा आणि बघा, व्यवस्था झालेली आहे. म्हणून ते नुसते बसले होते. माझ्या एका 'बघतो'वर सगळं गाव विसंबून शांत होतं.

आणि नेमकं तिथंच इंजिन तापलं. पार समोर आला आणि ठोका सैल पडला. टक, टक, मग एक ठोका गायब. गाडी हलकी हिसकली. विलासनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावर आला होता. मूठ पिळली असती तर गाडी पुढच्या झेंडेवाल्यांच्या अंगावर गेली असती.

मी चालता चालता वाकलो, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि डट्टा उचलून धरणारा स्क्रू पाव आटा आत घेतला.

वाकलेला असतानाच माझी नजर पाराकडं गेली. बाबाराव माझ्याकडंच बघत होते. मला वाकलेलं बघून त्यांनी मान डोलवली, सावकाश, काम वेळेवर करणाऱ्या माणसाला दाद द्यावी तशी. शेजारचे दोघेतिघे हसले. पोरं पुढं सरकून बसली. आता पडणार, आता पडणार.

ठोका सुधारला. टक टक टक टक. गाडी पारासमोरून सरकली. बाबारावांची मान डोलायची थांबली, पण ते उठले नाहीत. अजून पडेल, असं त्यांना वाटत असावं. पिठाची गिरणी गेली, शाळेचं फाटक आलं. मी वळून बघितलं तर पारावरची माणसं तशीच बसून होती, आणि आपण कशासाठी बसलो आहोत हे त्यांच्यातल्या कुणालाच आता सांगता आलं नसतं. दगड उचलायला आधी वरात जवळ असावी लागते. ती मांडवात पोचली होती.

मांडवात गाडी उभी केली आणि मी चावी बंद केली. गयाबाईनं मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढलं. विलासनं लांबून हात जोडले.

पुढं जे झालं ते मी कधी कुणाला समजावून सांगू शकलो नाही.

बाबाराव चिडले. पण कशावर चिडले हे गावाला सांगायची पंचाईत. एका मिस्त्रीनं आपल्याला फसवलं, हे सांगण्यात त्यांचाच कमीपणा होता. म्हणून त्यांनी सांगितलं, की मिस्त्री कच्चा निघाला. "त्याला सांगितलं व्हतं, त्यानं वाकून पेचबी फिरवला, पण गड्याला गाडी बंद पाडता आली न्हाई." ही तक्रार त्यांनी गावात केली, मग मानवतच्या बाजारात केली. ऐकणाऱ्यांनी तिचा अर्थ आपल्या परीनं लावला. माझ्याकडं नवी गिऱ्हाइकं यायला लागली. एक जण देवगाव फाट्याहून आला आणि म्हणाला, "तुमच्या हातची गाडी बंद पाडायची म्हणलं तरी बंद पडत न्हाई म्हणं." एवढी जाहिरात मला पैसे देऊनही करता आली नसती. बाबारावांनी थोडे दिवस गाडी दुसरीकडं दाखवली. तिथं तिचा स्लो बसेना. मग एके दिवशी ते स्वतःच आले, त्याच खुर्चीवर बसले, पान जुळवलं. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांच्या लेखी मी चुकलेला पण आपला माणूस होतो.

विलास लग्नानंतर पावसाळाभर आला नाही. आला तेव्हा गाडीवरून उतरून उभाच राहिला.

"रशीदभाई, बाबाराव तुमच्याकडं आले व्हते?"

"आले व्हते."

"गाडी बंद पाडा म्हणले?"

"म्हणले."

"तुमी काय म्हणलात?"

मी म्हणालो, "बघतो म्हणालो." मग घाईनं पुढं म्हणालो, "पण गाडी चालली न्हवं? मी वाकलो ते ठोका चुकला म्हणून. तू गाडीवरच व्हतास, तुला कळलं नसंल का?"

"कळलं. गाडी तुमच्यामुळंच चालली, ते मला ठाऊक हाय." तो नेहमीसारखाच हळू बोलत होता. "पण मला आधी सांगायला पायजे व्हतं तुमी."

"सांगितलं असतं तर तू बसला असतास गाडीवर?"

"बसलो असतो," तो म्हणाला. "माहीत असून बसलो असतो."

डोकी फुटली असती, दगड पडले असते, हे सगळं तोंडाशी आलं आणि मग लक्षात आलं, की हे तर मी बाबारावांचंच बोलणं बोलायला लागलोय. मी पाना शोधायला लागलो, जो माझ्या हातातच होता.

विलासनं माझं गॅरेज सोडलं नाही. त्याची बदली होईपर्यंत गाडी माझ्याकडंच यायची. मुलगी झाली तेव्हा पेढेही त्याच गाडीवरून आणले. बोलणं पहिल्यासारखंच, हळू आणि नीट. फक्त पूर्वी तो गाडी सोडून कचेरीत जायचा आणि संध्याकाळी न्यायला यायचा, ते बंद झालं. आता तो काम होईपर्यंत थांबायचा. मी कार्ब्युरेटर उघडला की दोन पावलं जवळ यायचा आणि मी कुठला स्क्रू किती फिरवतो ते हात मागं बांधून बघत राहायचा.

बाबाराव मात्र दारातच गाडी लावायचे, किल्ली टेबलावर टाकायचे आणि मागं वळूनही न बघता बाजारात निघून जायचे.